पुस्तकांसाठी सरकारी पैसा: पेशव्यांच्या दक्षिणेपासून सीएसआरपर्यंत

गावातल्या 'ड' म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाला 2022-23 ची वाढ होईपर्यंत वर्षाला 30 हजार रुपये अनुदान मिळत होतं. त्यातलं निम्मं वेतनाचं, निम्मं वेतनेतर. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला साडेबाराशे रुपये. उरलेल्या 15 हजारांत वृत्तपत्रं, मासिकं, जागेचं भाडं, वीजबिल, हिशेबतपासणीची फी हे सगळं भागवायचं आणि मग जे हाती राहील त्यात पुस्तकं घ्यायची. त्या वर्षी अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, पण वाटणी तशीच राहिली. पुस्तकांसाठी निधी शोधत फिरणाऱ्या कार्यवाहांना आणि मुख्याध्यापकांना या पैशाचा इतिहास ठाऊक असलेला बरा, कारण आजच्या बहुतेक अटी त्यातूनच आल्या आहेत.

मराठी मुलखात पुस्तकांवर सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला त्याला दोनशे वर्षं झाली. एल्फिन्स्टनच्या काळात, 1820 च्या दशकात, मुंबईत शाळापुस्तकं तयार करणारी संस्था उभी राहिली आणि तिला सरकारची मदत मिळाली. पुण्यात पेशव्यांकडून ब्राह्मणांना मिळणारी श्रावणातली दक्षिणा इंग्रजांनी काही काळ चालू ठेवली होती. तो पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरावा, असा अर्ज लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1849 मध्ये केला. सनातनी मंडळी खवळली, तरी 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी लेखनाला बक्षिसं मिळू लागली. याच कमिटीने 1855 मध्ये जोतीराव फुल्यांचं नाटक नाकारलं. सरकारी पैशाने कोणतं पुस्तक घ्यायचं हे कोण ठरवणार, हा वाद अनुदानाइतकाच जुना आहे.

वाचनालयं मात्र वर्गणीवर चालत. रत्नागिरी 1828, अहमदनगर 1838, नाशिक 1840, पुणे 1848, कोल्हापूर 1850: या 'नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या' इंग्रज अधिकारी, संस्थानिक आणि शिकलेले शहरवासी यांच्या आश्रयाने निघाल्या आणि कपाटांत बहुतेक इंग्रजी पुस्तकं असत. मराठी ग्रंथ जमवणारं संग्रहालय ठाण्यात 1893 मध्ये निघालं, मुंबईत 1898 मध्ये. शाळांची गोष्ट निराळी. 1854 च्या वुडच्या खलित्याने 'ग्रँट-इन-एड'ची पद्धत आणली: आधी संस्थेने स्वतः उभं राहायचं, तपासणीला सामोरं जायचं, मग सरकार भर घालणार. वाचनालयांनाही पुढे हाच साचा लागू झाला.

तो सगळ्यात नेटका वापरला बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं आणि मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावाने जितकी रक्कम जमवली, तितकीच पंचायतीने घालायची आणि तितकीच दरबाराने. गावाला एकाचे तीन मिळत, पण पहिला रुपया गावाचाच. शिवाय पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या. आजच्या कुठल्याही 'समान निधी' योजनेत दिसणारी कल्पना ती हीच. बडोदा हे मराठी राजाचं गुजराती भाषक संस्थान असल्याने या प्रयोगाचा फायदा अर्थातच गुजरातला जास्त झाला. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने 1939 मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत सहा पायऱ्यांची योजना सुचवली. युद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं, आणि योजनेच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या स्वातंत्र्याच्या सुमारास प्रत्यक्षात आल्या. त्याआधी 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदाही केला होता.

पुढचं वळण महत्त्वाचं. 1948 मध्ये मद्रासने ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांच्या आग्रहामुळे कायदा केला तो उपकरासह. मालमत्ता कराच्या प्रत्येक रुपयामागे थोडी रक्कम ग्रंथालयांसाठी बाजूला निघणार. म्हणजे हक्काचा पैसा. महाराष्ट्राने 1967 मध्ये कायदा केला, 1 मे 1968 ला तो अमलात आला, पण उपकर वगळला. त्याऐवजी ग्रंथालय निधी ठेवला आणि शासनाने त्यात दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत असं लिहिलं. आज अर्थसंकल्पातली तरतूद शंभर कोटींच्या पुढे आहे. त्यामुळे हा किमान आकडा असून नसल्यासारखा, आणि वाढ द्यायची की नाही हे ज्या त्या सरकारच्या मर्जीवर. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. उपकर नसल्याने गावोगावी संस्था उभ्या राहिल्या हे खरं. सुमारे 12 हजार मान्यताप्राप्त वाचनालयं दुसऱ्या कुठल्या मार्गाने झाली नसती. पण त्यांच्यातल्या कुणालाच पुढच्या वर्षीच्या पैशाची खात्री नसते.

1970 च्या नियमांनी मान्यता, वर्गवारी आणि तपासणी ठरवली. जिल्हा, तालुका, इतर, आणि त्यांत अ, ब, क, ड. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास, कर्मचारी यांवर दर्जा. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर. मग एका आठवड्यात पुस्तकखरेदी. विक्रेत्याची गाडी दारात, कमिशनची घासाघीस, आणि ज्या पुस्तकावर सूट जास्त त्याचे गठ्ठे आधी आत. दाखल नोंदवहीत रात्री उशिरापर्यंत क्रमांक पडतात, शिक्के बसतात, बिलं फाइलला लागतात. वाचकाने वर्षभर मागितलेलं पुस्तक त्या गठ्ठ्यात असेलच असं नाही. कार्यवाह अप्रामाणिक असतात म्हणून हे घडत नाही. 31 मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर पुढचं अनुदान अडतं, एवढंच.

सेवकांच्या वेतनाचा प्रश्न 1973 च्या प्रभा राव समितीपासून 2001 च्या व्यंकप्पा पत्की समितीपर्यंत फाइलींतून फिरत राहिला. वेतनश्रेणी काही लागू झाली नाही. 2012 मध्ये महसूल खात्याकडून सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदोपत्री चालणारी काही सापडली, पण त्यांच्यामुळे बाकीच्यांचीही नवी मान्यता आणि दर्जावाढ कित्येक वर्षं थांबली.

केंद्राचा पैसा दुसऱ्या दाराने येतो. राजा राममोहन रॉय यांच्या दोनशेव्या जयंतीनिमित्त 1972 मध्ये कोलकात्यात त्यांच्या नावाने ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झालं. राज्याने आपला वाटा भरला की प्रतिष्ठान आपला घालतं, ही समान निधी योजना. इमारत, बालविभाग वगैरेंसाठी असमान निधी योजना आहेत. समान निधीचा लाभ वाचनालयाला बहुधा निवड समितीने पसंत केलेल्या पुस्तकांच्या रूपात मिळतो, रोख नाही. त्यामुळे एकाच वर्षी शेजारच्या दहा गावांत तेच संच दिसतात.

शाळांचं चित्र त्याहून विस्कळीत. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणावं असं काही नाही, पुस्तकं जुनी, मुलांना न पेलणारी आणि कुलुपात, असं स्पष्ट लिहून ठेवलं. 1987 च्या खडू-फळा योजनेत प्राथमिक शाळेला दोन खोल्या, दोन शिक्षक यांच्याबरोबर छोटा पुस्तकसंचही मिळायचा होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय ही प्रत्येक शाळेची गरज म्हणून नोंदली गेली. 2018 मध्ये केंद्राची समग्र शिक्षा योजना आली आणि सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला 5 ते 20 हजार रुपये ग्रंथालय अनुदान ठरलं. या तरतुदींत पुस्तकं आहेत, पण ती मुलांच्या हाती देणारा माणूस नाही. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं, आणि ज्या गुरुजींकडे पेटी असते त्यांना हरवलेल्या पुस्तकाची भरपाई खिशातून करावी लागेल अशी धास्ती. पेटी मग बंदच बरी वाटते.

गेल्या दशकात कंपन्यांचा पैसा आला. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, यालाच सीएसआर म्हणतात, आणि 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झालं. बहुतेक वाचनालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात, तेवढ्याने भागत नाही. प्राप्तिकर खात्याची करसवलतीसाठीची बारा ए आणि ऐंशी जी नोंदणी लागते, शिवाय 2021 पासून सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज. कंपन्या कपाटं, पुस्तकं, रंगरंगोटी आनंदाने देतात. पगार द्यायला क्वचितच तयार होतात.

आणि एक बारकावा, जो अर्ज लिहिताना बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण दुसऱ्या बाबीत आहे, पण सार्वजनिक ग्रंथालयं पाचव्या बाबीत, म्हणजे वारसा, कला आणि हस्तव्यवसाय यांच्या रांगेत बसवली आहेत. शाळेने अर्जात दुसरी बाब दाखवावी, गावच्या वाचनालयाने पाचवी.