ड्रॅग शर्यतीतील स्त्रिया

ड्रॅग शर्यत म्हणजे दोन वाहनांनी शेजारीशेजारी उभे राहून एकाच वेळी सुटायचे आणि सरळ रेषेत धावायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. पारंपरिक अंतर पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. टॉप फ्यूएल (लांबट, उघड्या इंजिनाच्या गाड्या) आणि फनी कार (नेहमीच्या गाडीसारखे कवच घातलेल्या गाड्या) या सर्वांत वेगवान वर्गांत २००८ पासून ते १,००० फुटांवर आणले आहे. खेळाचे माहेर अमेरिका. तिथे १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि रस्त्यावरच्या चोरट्या शर्यतींना नियमांची चौकट मिळाली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतील धावपट्टीवरही ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.

या खेळात स्त्रियांसाठी वेगळा गट नाही. त्याच पट्टीवर, त्याच वर्गात, त्याच विजेतेपदासाठी सगळे उतरतात. टॉप फ्यूएलची गाडी नायट्रोमिथेन या जबरदस्त ताकदीच्या इंधनावर चालते आणि धाव चार सेकंदांच्या आत आटोपते. खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा लागला की सुटायचे, शेवटी पॅराशूट उघडून थांबायचे. मग दोन धावांमधल्या थोड्या वेळात पथकातले लोक इंजिन पार खोलून पुन्हा जोडतात. तिकीट काढलेल्या प्रेक्षकालाही हे अगदी जवळून पाहता येते. इंजिन सुरू झाले की नायट्रोच्या वाफेने डोळ्यांतून घळाघळा पाणी येते आणि आवाज कानांआधी छातीत जाणवतो.

शर्ली शाहान यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथे स्टॉक (कारखान्यातून येतात जवळपास तशाच) गाड्यांच्या गटात विजय मिळवला. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मात्र टॉप फ्यूएलचे दार उघडले ते शर्ली मल्डाउनी यांनी, आणि त्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत फार मोठी होती.

मल्डाउनी यांचा जन्म १९ जून १९४० रोजी व्हरमाँटमधील बर्लिंग्टनचा. वाढल्या न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीत. वडील मुष्टियोद्धे. मुलगी गावच्या रस्त्यांवर रात्री शर्यती लावू लागली. सोळाव्या वर्षी लग्न झाले. पती जॅक गाड्यांचे कसबी कारागीर, त्यांनीच पत्नीसाठी गाडी बांधली. पुढे संसार मोडला, गाडी सुटली नाही. फनी कार वर्गात त्या आगीत होरपळल्या, तरी १९७३ मध्ये टॉप फ्यूएलचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या. परवान्याच्या अर्जावर मुरलेल्या चालकांच्या सह्या लागत. त्या डॉन गार्लिट्स, टॉमी आयव्हो आणि कॉनी कलिटा यांनी केल्या. यांपैकी गार्लिट्स आणि कलिटा पुढे त्यांचे कडवे प्रतिस्पर्धी झाले. प्रायोजक मिळवणे हे गाडी चालवण्याहून अवघड होते. ‘चा चा’ हे टोपणनाव त्यांनी पुढे टाकून दिले, गाडीचा गुलाबी रंग मात्र ठेवला. १९७६ मध्ये कोलंबस (ओहायो) येथे पहिला राष्ट्रीय विजय, मग १९७७, १९८० आणि १९८२ अशी संपूर्ण हंगामाची तीन विजेतेपदे. टॉप फ्यूएलचे विजेतेपद तीनदा मिळवणारी त्यांच्याआधी कोणी व्यक्तीच नव्हती, स्त्री किंवा पुरुष.

२९ जून १९८४. कॅनडात माँट्रिऑलजवळच्या सॅनएअर पट्टीवर, ताशी सुमारे ४०० किमी. वेगात पुढच्या चाकाची ट्यूब फाटली आणि गाडी ताब्यातून गेली. पाय, हात आणि ओटीपोटाची हाडे चिरडली. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा चालायला शिकण्यात महिनोन्महिने गेले. १९८६ मध्ये त्या परत त्याच वर्गाच्या गाडीत बसल्या. १९८९ मध्ये फिनिक्स येथे त्यांनी पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हा त्यांचा अठरावा आणि अखेरचा राष्ट्रीय विजय. त्यांची थोरवी तीन विजेतेपदांपेक्षाही या एका विजयात अधिक दिसते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. २००३ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

टॉप फ्यूएलचे विजेतेपद पुन्हा एका स्त्रीकडे यायला २०१७ उजाडले. ब्रिटनी फोर्स यांनी ते मिळवले आणि २०२२ मध्ये पुन्हा जिंकले. एरिका एंडर्स यांनी प्रो स्टॉक (नेहमीच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचा) वर्ग अनेक वर्षे गाजवला. लुइझियानातील अँजेल सॅम्पी या आधी अतिदक्षता विभागातल्या परिचारिका होत्या. त्यांनी प्रो स्टॉक मोटरसायकलचे विजेतेपद २००० ते २००२ असे सलग तीन वर्षे राखले.

सॅम्पी यांच्या मोटरसायकलवर पुढे काही हंगाम अमेरिकी सैन्यदलाचे नाव होते. सैन्यदलाचा उद्देश मुख्यतः भरतीचा. जखमी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी झालेले काम वेगळे आहे, आणि त्यातले ठळक नाव एका स्त्रीचे आहे. टेरी चँडलर या स्वतः शर्यतीत उतरत नसत. गाडीचा खर्च त्या उचलत. फनी कारच्या अंगावर, एरवी व्यापारी कंपनी पैसे मोजून आपले नाव लावते त्या जागी, त्यांनी इन्फिनिट हीरो फाउंडेशनचे नाव लावले. ही संस्था सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. गाडी चालवत जॅक बेकमन, स्वतः हवाई दलातले माजी सैनिक आणि कर्करोगातून बरे झालेले. प्रत्येक धावेला गाडीत काही नाणी ठेवलेली असत. धाव संपली की ती काढून देणगीदारांना दिली जात आणि जमलेला पैसा संस्थेकडे जाई. चँडलर २०१७ मध्ये निवर्तल्या.