मोबाइल अ‍ॅपवरील जोडकमाई

मोबाइल अ‍ॅपवरील जोडकमाई : जाहिरात पाहणे, सर्वेक्षणाला उत्तरे देणे, नवे अ‍ॅप डाउनलोड करणे, ओळखीच्यांना त्यात जोडणे किंवा खेळ खेळणे यांतून फोनवर मिळणारे किरकोळ पैसे. ते रोख, रिचार्ज, कॅशबॅक वा कूपन या रूपांत हाती येतात. देणारा बहुधा जाहिरातदार असतो. ग्राहक मिळवून दिल्याबद्दल तो अ‍ॅपला रक्कम देतो आणि अ‍ॅप तिच्यातला लहानसा वाटा वापरणाऱ्याकडे सरकवते. त्यामुळे ही कमाई जात्याच तुटपुंजी. त्यातही अनेक अ‍ॅपमध्ये ठरावीक रक्कम साठेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. कंटाळून मध्येच सोडणाऱ्याचे पैसे तिथेच अडकतात.

भारतात एमसेंटसारखी अ‍ॅप इतर अ‍ॅप वापरून पाहण्याबद्दल रिचार्ज देत. पुढे यूपीआयबरोबर कॅशबॅक आला. १८ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या गूगलच्या 'तेझ' या पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपने (नंतरचे गूगल पे) नवा माणूस जोडल्यास ५१ रुपये आणि व्यवहारांवर स्क्रॅच कार्ड देऊ केले. २०१९ च्या दिवाळीत पाच चित्रे जमवणाऱ्याला २५१ रुपये मिळत. त्यांतली रांगोळी काही केल्या मिळेना, तेव्हा लोक समाजमाध्यमांवर एकमेकांकडे रांगोळी मागू लागले. मागणाऱ्यांत चांगले पगारदारही होते; रकमेपेक्षा फुकट मिळाल्याची गंमत मोठी होती, असेच म्हणावे लागेल.

पैसे लावून खेळायच्या खेळांत हिशेब उलटा होतो. फँटसी क्रिकेट (खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून कल्पित संघ बनवण्याचा खेळ) किंवा रमीत जिंकणाऱ्याला हरणाऱ्यांचेच पैसे मिळतात आणि कंपनी मधला हिस्सा कापून घेते. त्याला कमाई म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर त्याआधीच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला सारून, पैशांच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. फँटसी क्रिकेट चालवणाऱ्या मुंबईच्या ड्रीम११ या कंपनीने त्यानंतर पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

फोनवर सहज पैसे मिळतील या आशेवरच 'टास्क'ची, म्हणजे छोट्या कामांच्या नावाखाली होणारी, फसवणूक पोसली गेली. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतो; पुढचे व्यवहार टेलिग्रामच्या गटात होतात. आरंभी थोडे पैसे खरोखर खात्यात पडतात. विश्वास बसला की जास्त परताव्याच्या 'प्रीपेड टास्क'साठी रक्कम भरायला लावतात, मग ती काढण्यासाठी 'कर' म्हणून आणखी मागतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने गुंतवणूक व अर्धवेळ कामाच्या आमिषाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

खऱ्या कामाचे पैसे देणारी उदाहरणे थोडी. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मराठीतलाच आहे. ग्रामीण व शहरी अल्प उत्पन्न गटांतील लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे त्यांनी ध्वनिमुद्रित करून घेतले. अल्प उत्पन्न गटांतील लोकांच्या नोंदी दर्जात विद्यार्थ्यांच्या तोडीच्या ठरल्या.