निरोगी प्रौढांच्या ईसीजीवर हृदयगती आणि लिंग यांचा परिणाम

ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. त्यामुळे त्यावरचा लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि मोठा २०० मिलिसेकंदांचा असतो; उंचीचे १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट. या चौकोनांवरून पीआर (वरच्या कप्प्यांच्या उत्तेजनापासून खालच्या कप्प्यांच्या उत्तेजनापर्यंतचा काळ), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या उत्तेजनाचा काळ) आणि क्यूटी ही अंतरे मोजतात. हृदय पूर्ण निरोगी असले तरी हे आकडे ठोक्यांच्या वेगाबरोबर बदलतात, आणि वेग सारखा असतानाही स्त्री व पुरुष यांच्यात फरक राहतो.

ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला विसावा सर्वांत जास्त आक्रसतो. पीआर अंतर (प्रौढांत साधारण १२० ते २०० मिलिसेकंद) थोडे कमी होते, क्यूआरएस जवळपास तेवढेच राहते. व्यायामात पी तरंग (वरच्या कप्प्यांच्या उत्तेजनाचा) उंचावतो आणि क्यूआरएसनंतरच्या एसटी भागाची सुरुवात किंचित खाली जाऊन रेषा झपाट्याने वर चढते. निरोगी माणसात हे आजाराचे लक्षण नव्हे. खरा गोंधळ होतो तो क्यूटीपाशी. हृदयाचे खालचे कप्पे उत्तेजित होऊन पुन्हा पूर्ववत होईपर्यंतचा हा काळ वेगाबरोबर आखूड होतो, म्हणून वेगवेगळ्या गतींवरचे क्यूटी थेट ताडून पाहता येत नाहीत. ते मिनिटाला ६० ठोक्यांच्या मापावर आणावे लागतात. या दुरुस्त आकड्याला क्यूटीसी म्हणतात.

बॅझेट आणि फ्रिडेरिसिया या संशोधकांनी १९२० मध्येच, स्वतंत्रपणे, दोन सूत्रे मांडली. पहिल्यात क्यूटीला ठोक्यांमधील अंतराच्या (सेकंदांतील) वर्गमुळाने भागतात, दुसऱ्यात घनमुळाने. गती १२० आणि क्यूटी ३२० मिलिसेकंद असेल तर बॅझेटचे उत्तर ४५३ येते आणि फ्रिडेरिसियाचे ४०३. हृदय तेच, कागद तोच, फरक ५० मिलिसेकंदांचा! बॅझेटचे सूत्र जलद गतीला क्यूटीसी फुगवते आणि मंद गतीला घटवते, हे पूर्वीपासून माहीत आहे. तरीही पुष्कळ यंत्रे तेच वापरतात. सवयीपलीकडे त्याला फारसे समर्थन दिसत नाही.

सोलापूरसारख्या शहरात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांवर जातो. अशा दुपारी उन्हातून सिव्हिलला किंवा एखाद्या दवाखान्यात पोचलेल्या माणसाची नाडी सहज शंभराच्या आसपास असते. आल्याआल्या ईसीजी काढला तर कागदावर ‘क्यूटी लांबलेला’ असा शेरा उमटू शकतो. त्याला पंख्याखाली थोडा वेळ पडू द्यावे हे बरे. गती उतरल्यावरही क्यूटी लगेच जुळून येत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. म्हणून नाडी शांत झाल्याच्या क्षणीच ईसीजीची पट्टी काढण्याची घाई करू नये.

स्त्रियांची विश्रांतीतील गती पुरुषांपेक्षा सरासरीने काही ठोक्यांनी जास्त असते. गतीचा हिशेब काढून टाकला तरी त्यांचा क्यूटीसी १० ते २० मिलिसेकंदांनी लांब निघतो. बॅझेटनेही स्त्री-पुरुषांसाठी वेगळे स्थिरांक दिले होते. लहान मुलामुलींत हा फरक जवळपास नसतो. वयात येताना मुलांचा क्यूटीसी आखूड होतो, मुलींचा फारसा बदलत नाही. म्हणजे स्त्रियांचा लांबतो म्हणण्यापेक्षा पुरुषांचा घटतो म्हणणे अधिक नेमके. यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा मानतात, आणि उतारवयात हा फरक पुन्हा कमी होतो. म्हणूनच क्यूटीसीची वरची मर्यादा पुरुषांसाठी ४५० आणि स्त्रियांसाठी ४६० मिलिसेकंद धरण्याची पद्धत आहे. क्यूटी लांबवणाऱ्या काही औषधांमुळे (हॅलोपेरिडॉल, अझिथ्रोमायसिन वगैरे) उद्भवणारा टॉर्साद हा हृदयाचा घातक ताल स्त्रियांत जास्त आढळतो, त्यामागेही हेच कारण असल्याचे मानतात.

पुरुषांचा क्यूआरएस काही मिलिसेकंदांनी रुंद असतो, त्याचे तरंगही मोठे. डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीची जाडी ताडण्याच्या कॉर्नेल निकषात (एव्हीएल या लीडमधील, म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने पाहणाऱ्या नोंदीतील, वर जाणारा आर तरंग अधिक व्ही३ लीडमधील खाली जाणारा एस तरंग) पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी २० मिलिमीटरची मर्यादा आहे. तरुण पुरुषांत व्ही२-व्ही३ मध्ये एसटी मुळातच थोडा वर असतो. हृदयविकाराच्या झटक्याच्या निकषात याच लीडमध्ये चाळिशीच्या आतील पुरुषांसाठी २.५, त्यापुढील पुरुषांसाठी २ आणि स्त्रियांसाठी १.५ मिलिमीटर ही उंची धरतात. यंत्रात वय आणि लिंग न भरता छापलेला शेरा म्हणूनच अर्धवट असतो.

स्त्रियांत एक व्यावहारिक अडचणही आहे. संकोचामुळे छातीवरचे इलेक्ट्रोड कधी वर, कधी बाजूला लावले जातात आणि आर तरंगाची उंची बदलते. व्ही१ व व्ही२ उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांमधील चौथ्या फटीत आणि व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर लावायचे, हा नियम दोघांनाही सारखाच आहे.