पहिला नंबर कचऱ्याचा, हवेचा नव्हे

इंदूरच्या रामबागेत दर हिवाळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपलं शहर देशात पहिलं, मग हवा खराब कशी असेल?" शेजारच्या काकूंना पहाटे खोकल्याची उबळ येते, तरी त्याही हेच म्हणतात. पण हा समज चुकीचा आहे.

2017पासून इंदूरने मान मिळवला तो स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्राच्या शहर-स्वच्छतेच्या पाहणीत. तिथे कचरा, सांडपाणी, शौचालयं तपासतात. हवेवर लक्ष ठेवणं 1981च्या वायू कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे, केंद्राच्या आणि राज्याच्या, सोपवलेलं आहे. छोटी ग्वालटोलीत त्यासाठी स्वयंचलित केंद्र आहे. हाताने मोजायची जुनी पद्धतही आहे: पांढराशुभ्र फिल्टर कागद आधी तोलायचा, त्यातून हवा ओढायची, मग पुन्हा तोलायचा. काढताना तो करडा झालेला असतो. वाढलेलं वजन म्हणजे आपण श्वासातून घेतो ती धूळ! पीएम 10ची, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धूलिकणांची, वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत इंदूर आहे, ते हवा मानकांत बसत नव्हती म्हणूनच.

2023च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात आपण पहिले आलो, हे खरं. मलाही त्याचा अभिमान आहे. पण तिथले बहुतेक गुण प्रदूषण रोखण्याच्या उपाययोजनांचे असतात, हवा किती शुद्ध आहे याचे नव्हे.

आजची हवा बघायची तर केंद्रीय मंडळाचं 'समीर' ॲप उघडा. त्यातला हवा गुणवत्ता निर्देशांकाचा आकडा 200च्या वर गेला की हवा 'खराब'. त्या दिवशी काकूंना पहाटे फिरायला पाठवू नका.