अल्पाकाची कच्ची लोकर: आधी धुणे की आधी कातणे, या वादाची पार्श्वभूमी

अल्पाका या दक्षिण अमेरिकेतल्या, उंटाच्या कुळातल्या जनावराची लोकर घरी कातणाऱ्यांमध्ये एक वाद अनेक वर्षे चालू आहे. कातरून आणलेली लोकर आधी धुवून मग पिंजावी, की ती नुसती झटकून आणि निवडून तशीच कातावी व तयार धाग्याच्या लडी शेवटी धुवाव्यात, असा तो प्रश्न आहे. दोन्ही पक्ष परंपरेचा हवाला देतात आणि दोघांच्याही परंपरा खऱ्या आहेत. मात्र त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या अवजारांच्या आणि वेगवेगळ्या धुळीच्या आहेत, ही गोष्ट वादाच्या भरात बहुधा बाजूला राहते.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पठारावर अल्पाका माणसाळवला गेला त्याला 6000 वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. दक्षिण पेरूमध्ये सापडलेल्या, सुमारे 1000 वर्षांपूर्वीच्या सुकलेल्या अवशेषांवरून असे दिसते की त्या काळच्या काही कळपांची लोकर आजच्यापेक्षा अधिक बारीक आणि एकसारखी होती. 1532 नंतरच्या स्पॅनिश राजवटीत हे कळप मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, उरलेले उंच डोंगराळ भागात ढकलले गेले आणि लामा या त्यांच्याच कुळातल्या, राठ केसांच्या जनावराशी त्यांचा संकर वाढला. आज लोकर निवडताना जे राठ, सरळ केस चिमटीने वेचून काढावे लागतात, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या संकरात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

तिथली कताईची पद्धत साधी होती आणि खेड्यापाड्यांत आजही तशीच टिकून आहे. लोकर बोटांनी उकलायची, काडीकचरा काढायचा आणि टकळीवर चालता चालता कातायची. पिंजण्याचा टप्पा त्यात जवळजवळ नसतोच. पेरूमधल्या कुस्कोच्या परिसरात लोकर धुण्यासाठी साक्ता नावाचे मूळ किसून त्याचा फेस वापरतात, आणि तो फेस आपल्याकडच्या रिठ्याप्रमाणेच सॅपोनिन या फेसाळ वनस्पतिद्रव्यामुळे येतो. पुष्कळदा हे धुणे धागा तयार झाल्यावर, रंगवण्याच्या आधी होते. ‘न धुता काता’ म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हाच आहे.

दुसरी परंपरा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डची. 1836 च्या सुमारास तिथल्या एका गिरणीमालकाने लिव्हरपूलच्या गोदामात पडून असलेले अल्पाकाचे गठ्ठे विकत घेतले आणि सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून चमकदार, हलके कापड काढले. हे कापड पुढे जगभर गेले. आपल्याकडे वकिलांच्या आणि कारकुनांच्या अंगावर दिसणारे काळे अल्पाकाचे कोट त्याच व्यापाराचा भाग होते. व्यापाराची ही बाजू पुष्कळदा सांगितली जाते, गठ्ठे उघडणाऱ्या कामगारांची मात्र क्वचित. अल्पाका आणि मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) या नव्या मालाबरोबर लोकर निवडणाऱ्यांमध्ये एक झपाट्याने मारणारा श्वसनाचा रोग दिसू लागला, आणि तो अँथ्रॅक्स या जनावरांपासून माणसाला होणाऱ्या जंतुरोगाचा प्रकार आहे हे 1880 च्या सुमारास स्पष्ट झाले. त्यानंतर आलेल्या नियमांत धोकादायक प्रकारच्या लोकरीचे गठ्ठे उघडण्याआधी भिजवणे आणि धूळ खाली ओढून घेणाऱ्या पंख्यांच्या टेबलांवर निवड करणे बंधनकारक झाले. धूळ नाकात जाण्याआधी तिचा बंदोबस्त करायचा, हा विचार कारखान्याच्या शिस्तीत असा मुरला, आणि निवडणे, धुणे, वाळवणे, पिंजणे किंवा विंचरणे हा क्रम पक्का झाला.

घरगुती कताईतला आजचा वाद मात्र 1980 च्या दशकानंतरचा आहे. दक्षिण अमेरिकेतून जिवंत जनावरांची निर्यात सुरू झाल्यावर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नंतर ब्रिटनमध्ये अल्पाकाचे छोटे छोटे कळप उभे राहिले. सुरुवातीचा पैसा लोकरीत नव्हता, तो पैदाशीच्या जनावरांच्या विक्रीत होता. एका जनावराची वर्षाकाठी साधारण 2 ते 4 किलो लोकर निघते. पाच-दहा जनावरांची लोकर मोठ्या गिरणीला देण्याइतकी भरत नाही, म्हणून ती पिशव्यांत भरून गोठ्याच्या माळ्यावर पडून राहू लागली. ती हातकताई करणाऱ्यांच्या गळ्यात घालताना ‘हिला मेंढीसारखा चिकटपणा नाही, धुण्याची कटकट नाही’ हे वाक्य विक्रेत्यांच्या फार कामी आले. ते अर्धेच खरे आहे.

खरा अर्धा भाग असा की, मेंढीच्या बारीक लोकरीत वजनाच्या 10 ते 25 टक्क्यांपर्यंत चरबी असू शकते, तर अल्पाकात ती जेमतेम 2-3 टक्के भरते. मेंढीची चरबी वितळवायला 60 अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी आणि भरपूर साबण लागतो. अल्पाकाला त्याची गरज नसते. उरलेला अर्धा भाग धुळीचा आहे. अल्पाका जमिनीवर मनसोक्त लोळतो, आणि चरबी फारशी नसल्यामुळे ही धूळ चिकटून न बसता तंतूंच्या मधोमध खोलवर उतरते. लोकर जाळीच्या टेबलावर कातरलेली बाजू खाली करून पसरली आणि हलकेच आपटली, तर खालच्या कापडावर बारीक करड्या भुकटीचा थर जमतो. तिच्याबरोबर कातरणी दुसऱ्यांदा फिरल्याने तुटलेले आखूड तुकडेही पडतात. पाय आणि पोटाकडची राठ लोकर याच वेळी बाजूला काढतात. मग एखादी बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटक्याने ताणायची. स्वच्छ टणत्कार आला तर तंतू मजबूत, कुरकुर ऐकू आली तर तो मध्येच तुटणारा. इतके सगळे करूनही बट पाण्यात सोडली की पहिले पाणी कोऱ्या चहासारखे होते.

ही धूळ अँडीजमध्ये उघड्यावर, बोटांनी उकलताना वाऱ्यावर जाते. बंद खोलीत, तारेच्या दातांच्या ड्रम कार्डरवर, म्हणजे पिंजण्याच्या फिरत्या यंत्रावर, तीच लोकर पिंजली तर धूळ दातांच्या बुडाशी साचते आणि उरलेली खोलीभर पसरते. म्हणून पेरूमधल्या बायका न धुता कातत आल्या, हा दाखला कार्डर वापरणाऱ्याला लागू पडत नाही. तो टकळीवर बोटांनी उकलून कातणाऱ्यापुरताच खरा आहे. आधी न धुण्याच्या पक्षाचे एक म्हणणे मात्र वजनदार आहे: धुतलेली अल्पाका निसरडी होते, कोरड्या हवेत तिच्यात स्थिर वीज भरते आणि पेळू (कातण्यासाठी पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी) करताना तंतू हातांना चिकटत उडतात. त्यावर पाण्याचा बारीक फवारा आणि तेलाचे एक-दोन थेंब हा उपाय बहुतेकांनी स्वीकारला आहे.

शिवाय अल्पाकाच्या दोन जातींपैकी ह्वाकाया या दाट, फुगीर लोकरीच्या जातीच्या धाग्यात मेंढीच्या मानाने लवचीकपणा कमी असतो, त्यामुळे विणलेले स्वेटर वजनाने खाली ओघळते. हे टाळण्यासाठी पिंजतानाच मेंढीची थोडी लोकर मिसळण्याचा प्रघात अलीकडे वाढला, आणि मिसळायचे तर दोन्ही लोकरी धुतलेल्या असणे जवळजवळ अपरिहार्य ठरते. सुरी या दुसऱ्या जातीच्या लांब, पिळदार बटा मात्र पिंजण्यापेक्षा विंचरून घेतात, आणि तिथे बटांची रचना न मोडता धुणे हीच खरी कसोटी असते.

गेल्या काही वर्षांत एक मधला मार्ग रूढ होतो आहे. निवडलेली लोकर जाळीच्या पिशवीत सैल भरून साबणाविना साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, न ढवळता दोन-तीनदा पाणी बदलायचे, पिळून न काढता निथळू द्यायची आणि सावलीत पसरायची. साबण व कोमट पाणी कातलेल्या लडींसाठी राखून ठेवायचे. अल्पाकाच्या तंतूवरचे खवले मेंढीच्या मानाने सपाट असले तरी एकदम बदललेले तापमान आणि चोळणे यांनी तीही घट्ट गुंतून बसते, म्हणून दर वेळी पाण्याची ऊब सारखी ठेवण्याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नाही. कच्ची लोकर दुसऱ्या देशात पाठवायची झाली तर कडक जैवसुरक्षा नियम असलेल्या ठिकाणी हा पर्यायही पुरत नाही. तिथे ती कसून धुतलेली आहे, हे दाखवावे लागते.