डोक्यावरच्या कप्प्याला भाडं कसं लागलं

सप्टेंबर 2025मध्ये रायनएअर या आयरिश विमान कंपनीने प्रवाशांवर थोडी कृपा केली. तिकिटाच्या पैशांत सोबत नेता येणाऱ्या पिशवीचं माप 40 बाय 25 बाय 20 सेंटिमीटर होतं, ते 40 बाय 30 बाय 20 झालं. म्हणजे 20 लिटरची पिशवी 24 लिटरची. चार लिटरमध्ये एक स्वेटर आणि चिवड्याचा छोटा डबा मावतो, नाही असं नाही. मात्र त्याच वर्षी याच कंपनीने मापाबाहेरची बॅग पकडून देणाऱ्या कर्मचाऱ्याचा बोनस बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो केला आणि त्यावरची महिन्याची कमाल मर्यादाही काढून टाकली.

युरोपात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना ही मापं पाढ्यांसारखी पाठ असतात. पण पिशवीच्या लांबी-रुंदीवरून गेटवर रोज भांडणं होतील अशी वेळ आली कशी, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

विमानात डोक्यावर जी जागा असते ती मुळात बॅगांसाठी नव्हतीच. जुन्या विमानांत तिथे उघडी फळी असायची. तिच्यावर टोप्या, कोट, पांघरुणं ठेवत. सामान काउंटरवर द्यायचं आणि उतरल्यावर घ्यायचं, हा रिवाज. झाकणाचे बंद कप्पे रुळले ते 1970मध्ये बोइंग 747 आलं तेव्हापासून. त्याच सुमारास बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने सूटकेसला चार चाकं लावली. पट्ट्याने ओढायची ही सूटकेस वळणावर कलंडायची. खरी उलथापालथ केली ती 1987मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचा वैमानिक रॉबर्ट प्लाथ याने. त्याने बॅग उभी केली, खाली दोन चाकं आणि वर लांब होणारा दांडा बसवला. आधी ती वैमानिक आणि हवाईसुंदऱ्या ओढताना दिसायच्या, मग प्रवाशांनीही मागायला सुरुवात केली. लांबलचक विमानतळावरून दहा किलो हातात उचलून न्यायची कुणाला हौस नव्हती; चाकं आली आणि सूटकेस थेट आसनापर्यंत पोचली.

दुसरा धागा टेक्सासमधला. साउथवेस्ट एअरलाइन्सची विमानं 1971मध्ये उडू लागली. पुढच्याच वर्षी पैशांची ओढाताण झाली आणि चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं. मग उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायचं, असं ठरलं. स्वस्त विमानसेवेची सगळी गीता या दहा मिनिटांत आहे: विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा कमवत नाही. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रायनएअरचे मायकेल ओलेरी हा धंदा पाहायला टेक्सासला गेले आणि तो नमुना घेऊन आयर्लंडला परतले. युरोपातलं आकाश खुलं होत होतं, तेव्हा वेळही चांगली साधली. त्यांच्या विमानांना जमिनीवर 25 मिनिटं मिळू लागली.

या हिशेबात पोटातलं सामान, म्हणजे विमानाच्या तळाशी जाणाऱ्या बॅगा, डोळ्यात खुपणारच. त्या घ्यायला काउंटर लागतो, चढवायला-उतरवायला माणसं लागतात, विमानतळाला पैसे मोजावे लागतात आणि एखादी हरवली तर भरपाई वेगळी. त्यापेक्षा प्रवाशालाच हमाल केलं तर? मार्च 2006मध्ये रायनएअरने पोटात जाणाऱ्या बॅगेला शुल्क लावलं. रक्कम तेव्हा किरकोळ होती. त्याच वेळी हातातल्या बॅगेची मर्यादा सात किलोवरून दहा किलो केली, हे सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. लोकांनी बॅग वर न्यावी अशी कंपनीचीच इच्छा होती.

2008मध्ये तेल भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेला 15 डॉलर लावले. स्वस्त कंपन्यांची युक्ती मोठ्यांच्या घरात शिरली. अमेरिकेत देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के कर आहे, बॅगेच्या शुल्कावर तो नाही. त्यामुळे भाडं वाढवण्यापेक्षा बॅगेचे पैसे घेणं परवडतं. शिवाय तिकिटांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर भाडं कमी दिसतं आणि प्रवासी तिथेच गळाला लागतो.

लोकांनी सांगितलं तसंच केलं. बॅगा वर नेल्या.

रायनएअरच्या बोइंग 737-800मध्ये आसनं 189. कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे वरच्या कप्प्यांत चाकांच्या सुमारे 90 बॅगा मावतात. उरलेल्या शंभरेक जणांनी बॅग ठेवायची कुठे? 2013च्या डिसेंबरपासून जोडीला आणखी एक छोटी पिशवीही नेऊ दिली, तेव्हा गर्दी अधिकच वाढली. शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा दारातून परत घेऊन पोटात टाकायच्या, त्यात मिनिटं जायची. वेळ वाचवण्यासाठी वर पाठवलेली बॅग आता वेळ खाऊ लागली. जानेवारी 2018मध्ये नियम झाला की जास्त पैसे भरून आधी चढणाऱ्यांनीच चाकांची बॅग आत न्यावी, इतरांची गेटवरून पोटात जाईल, फुकट. नोव्हेंबर 2018पासून ते फुकटही गेलं. तिकिटात उरली ती आसनाखाली सरकवायची पिशवी.

यात रायनएअर पहिली नव्हती. अमेरिकेत स्पिरिटने 2010मध्येच हातातल्या बॅगेचे पैसे घेतले होते, युरोपात विझ एअरने 2012मध्ये. ईझीजेट 2021मध्ये त्याच वाटेने गेली. वर जागा नाही असं कंपन्या सांगतात आणि ते खोटं नाही. पण कप्प्यांत गर्दी जमवली कुणी? आधी खालची वाट पैशाने अडवली, माणसं वर चढली, मग वरच्या वाटेवरही नाका बसवला. आणि विमान अर्धं रिकामं असलं तरी नाका उठत नाही, यावरून मला तरी यात जागेपेक्षा गल्ल्याचा प्रश्न मोठा वाटतो.

एसटीतही जास्त सामानाचं तिकीट लागतं, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण तिथे पोतं किती मोठं ते कंडक्टरला आणि आपल्याला सारखंच दिसतं. विमानाच्या गेटवर पिशवीचं माप तपासायची लोखंडी चौकट असते. माझी पाठपिशवी एकदा तीत अडकली, कारण बाजूच्या खिशात पाण्याची रिकामी बाटली होती. बाटली काढून हातात धरली आणि पिशवी अलगद आत बसली. सामान तेवढंच, वजन तेवढंच, विमानात जाणारा माणूसही तोच. वाचलेले युरो मात्र तिकिटापेक्षा जास्त. चीड येते ती इथे. पैसे द्यायला लागतात म्हणून तितकीशी नाही. त्यात प्रत्येक कंपनीचं माप निराळं: जाताना चाललेली पिशवी येताना दुसऱ्या कंपनीच्या विमानात गुन्हेगार ठरते.

मामला कोर्टात गेला तो स्पेनमुळे. आ कोरुन्याहून ॲम्स्टरडॅमला जाणाऱ्या एका प्रवासी बाईंना दोन बॅगांसाठी 40 युरो जास्त द्यावे लागले. त्यांनी तक्रार केली आणि गॅलिसिया या तिथल्या प्रांताच्या ग्राहक संस्थेने व्ह्युलिंग कंपनीला 3000 युरो दंड केला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचलं. 18 सप्टेंबर 2014चा निकाल दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा वाटतो. पोटातल्या बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही. पण हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्याचं वजन आणि माप वाजवी असेल तर त्यासाठी जादा आकार घेता येणार नाही. न्यायालयाने वाजवी म्हणजे किती सेंटिमीटर ते सांगितलं नाही. गेली दहा-अकरा वर्षं सगळी झोंबाझोंबी या एका शब्दाची आहे. कंपन्या म्हणतात, आसनाखाली मावेल ते वाजवी. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाला ते पटलं नाही. नोव्हेंबर 2024मध्ये त्याने पाच कंपन्यांना मिळून 179 दशलक्ष युरोंचा दंड ठोठावला, त्यात एकट्या रायनएअरचे 108 दशलक्ष. कंपन्यांनी अर्थात त्याविरुद्ध दाद मागितली. 2025च्या जुलैमध्ये युरोपातल्या बड्या विमान कंपन्यांच्या संघटनेने किमान 40 बाय 30 बाय 15चं सामाईक माप मान्य केलं. रायनएअरची ती चार लिटरची कृपा याच काळातली.

भारतात हे भांडण इतकं पेटलं नाही, याचं कारण पंधरा किलो. 2003मध्ये एअर डेक्कनपासून आपल्याकडे स्वस्त विमानं आली, पाण्याची बाटलीही विकत झाली, पण पोटात जाणारी पंधरा किलोंपर्यंतची बॅग सहसा तिकिटातच राहिली. पंधरा किलोंच्या वरच्या पहिल्या पाच किलोंना किती दर लावायचा यावर 2016मध्ये सरकारने मर्यादा घातली, तर दिल्ली उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ती रद्द केली. एकच हँडबॅग हा आपला नियम धंद्यातून आला नाही, तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या 2000 सालच्या परिपत्रकातला. बॅगेला कागदी टॅग बांधून त्यावर शिक्का मारून घ्यायचा तो सोपस्कार आठवत असेल; मुंबई, दिल्लीसह काही विमानतळांवरून तो 2017मध्ये गेला. फेब्रुवारी 2021मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पोटात बॅग न देणाऱ्यांना भाड्यात सवलत द्यायची मुभा कंपन्यांना दिली, आणि 2024मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसने तसं तिकीट विकायला आणलं: खाली काही द्यायचं नाही, हातातल्या सामानात तीन किलो वाढवून घ्या. रायनएअरने 2006मध्ये नेमके हेच तीन किलो वाढवले होते.

आणि साउथवेस्ट? दहा मिनिटांची ती कंपनी दोन बॅगा फुकट नेण्याबद्दल अमेरिकेत नावाजलेली होती. तिच्या जाहिरातीच त्यावर चालत. 28 मे 2025पासून झालेल्या बुकिंगवर तिनेही पहिल्या बॅगेला 35 डॉलर आणि दुसरीला 45 डॉलर लावले.