जड टोक चॅसीला, हलकं टोक ॲक्सलला

1920 च्या दशकातल्या स्पोर्ट्‌स कारचं वजन घटवताना ब्रॅकेटला, लिव्हरला, चॅसीलासुद्धा भोकं पाडत. कमानीच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, पाट्यांना मात्र सहसा कुणी ड्रिल लावत नसे, आणि ते शहाणपणाचंच होतं. भोकाच्या कडेला ताण एकवटतो आणि चीर तिथूनच निघते. सगळे पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टसाठी नाइलाजाने ठेवलेल्या भोकापाशीच पाटे अनेकदा तुटतात.

मग एक पाटा काढूनच टाकला तर? सारख्या जाडीच्या सातांतला एक काढला की कमानीचा कडकपणा 14 टक्के घटतो आणि उरलेल्या सहांवरचा ताण 17 टक्के वाढतो. गाडी खाली बसते, पाटे लवकर थकतात. हा सौदा तोट्याचा.

फुकटचं पोलाद असतं ते टोकांकडे. पाट्यावर वाकवणारा जोर मध्यभागी सर्वाधिक, टोकाला शून्य. म्हणून रुंदी तीच ठेवली तर टोकापासून मध्यापर्यंतच्या पाव अंतरावर निम्मी जाडी पुरते. अशा निमुळत्या पट्टीत, तेवढाच कमाल ताण धरला तर, सपाट पट्टीच्या तिप्पट ऊर्जा दर किलोमागे साठते. मुख्य पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाचं वळवलेलं कडं, आणि त्याच्या लगतचा भाग मात्र जाडच हवा.

पाटा निमुळता करायला घासायचं ते दाबल्या जाणाऱ्या बाजूने, म्हणजे नेहमीच्या कमानीत खालून, आणि लांबीच्या दिशेने. आडवा ओरखडा म्हणजे चिरेला आमंत्रण. ग्राइंडरखाली पोलाद निळं पडलं तर तिथलं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कणखरपणा, उतरलं असं समजून पाटा बाद करावा. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे क्लॅम्पमध्ये आवळावेत, नाहीतर ते उसळतात.

खरी बचत मात्र मांडणीत आहे. चाकाबरोबर वर-खाली होणारं वजन जितकं कमी, तितका टायर रस्ता धरून राहतो. नेहमीच्या कमानीचा सर्वांत जाड भाग यू-बोल्टने ॲक्सलवरच आवळलेला, म्हणजे तो चाकाबरोबर नाचणार. बुगाटीने 1924 च्या टाइप 35 मध्ये मागे पाव कमानी, म्हणजे नेहमीच्या कमानीच्या अर्ध्या, लावल्या त्या उलट्या: जाड टोक चॅसीच्या शेपटाला पक्कं, निमुळतं टोक पुढे ॲक्सलकडे. जाडी तीच ठेवून रुंदीने निमुळत्या होत जाणाऱ्या आदर्श कमानीचं गणित मांडलं तर फरक थक्क करतो. मध्यभाग ॲक्सलवर असेल तर चाकाबरोबर हलणारं म्हणून धरायचं वजन कमानीच्या 11/15, पाव कमानीत फक्त 1/15. पोलाद तेच 10 किलो, पण चाकाला जाणवणार एकीकडे 7.3 किलो, दुसरीकडे पाऊण किलोसुद्धा नाही!

याची किंमत चॅसी मोजते. चाकावर 200 किलो भार आणि कमान अर्धा मीटर लांब असेल, तर बुडाशी सुमारे 1000 न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर येतो. तिथला क्लॅम्प ढिला असून चालत नाही. ऑस्टिन सेव्हनच्या मागच्या पाव कमानींची तऱ्हा वेगळीच. वळणावर गाडी कलली की अख्खा मागचा ॲक्सल किंचित तिरका होतो आणि मागची चाकं आपणहून गाडी वळवू लागतात. या गाडीवरून स्वतःची ‘स्पेशल’ स्पोर्ट्‌स कार बांधणारे म्हणूनच या कमानी चपट्या करून घेत.

पुढे पिळाच्या दांड्याने, म्हणजे टॉर्शन बारने, पाट्यांना मागे टाकलं. पाट्यात 1000 आणि दांड्यात 700 मेगापास्कल ताण धरला तर आदर्श पाटा किलोमागे सुमारे 100 ज्यूल साठवतो, दांडा जवळपास 200. सिट्रोएनने 1934 च्या ट्रॅक्सियाँ आव्हाँमध्ये तो वापरला. पाट्यांचं आपसातलं घर्षण इथे नसल्यामुळे डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) सक्षम लागतो. कारखान्यातच एका दिशेने पिळून पक्का केलेला दांडा डावा-उजवा बदलू नये. उलट्या पिळात तो लवकर तुटतो.